व्हिर्बेलविंडला छत का नव्हतं? तोफेमागे उभं राहिलेल्या माणसाचं उत्तर

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने पॅन्झर ४ रणगाड्याचा बुरूज उतरवून त्या जागी विमानविरोधी तोफा बसवल्या. त्यातून म्योबेलवागन, व्हिर्बेलविंड, ओस्टविंड अशा गाड्या तयार झाल्या. पण वरून उघडा डबा बसवण्यात कसलं शहाणपण? यातली सगळ्यांत चांगली गाडी कोणती? आणि या गाड्या असतानाही १९४४ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नॉर्मंडीत जर्मन ताफ्यांची विमानांपुढे तशी दैना का झाली?

मी लष्कराच्या हवाई संरक्षण दलात २२ वर्षं काढली. सुरुवात बोफोर्सच्या एल-७० तोफेवर लोडर, म्हणजे तोफेत गोळ्या भरणारा म्हणून झाली, नंतर शिल्का या रशियन गाडीवर होतो. जर्मन गाड्यांचा अभ्यास निवृत्तीनंतरचा. त्यांची छायाचित्रं आणि आराखडे पाहताना माझी नजर आधी चिलखताकडे जात नाही. माणूस कुठे उभा राहणार, गोळ्या कुठून उचलणार आणि रिकामी पुंगळी कुठे पडणार, हे मी आधी पाहतो. तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला तिथेच सापडतात.

आधी वेळेचा हिशोब मांडू. हल्ला करायला सूर मारणारं लढाऊ विमान ताशी ६०० किलोमीटरच्या आसपास असतं, म्हणजे सेकंदाला साधारण १६५ मीटर. व्हिर्बेलविंडवरच्या २० मिलिमीटर तोफेचा परिणामकारक पल्ला दोन किलोमीटरच्या थोडा वर. म्हणजे विमान टप्प्यात आल्यापासून डोक्यावर येईपर्यंत १२ सेकंद मिळतात. पण वैमानिक डोक्यावर येऊन रॉकेट सोडत नाही, तो किलोमीटरभर आधी सोडतो. म्हणून खरी वेळ सहा सेकंदांची. या सहा सेकंदांत विमान दिसलं पाहिजे, आपलं की परकं हे कळलं पाहिजे, तोफ तिकडे वळली पाहिजे आणि नेम विमानाच्या पुढे, मोकळ्या आभाळात धरता आला पाहिजे. गोळी नळीतून सेकंदाला ९०० मीटर वेगाने सुटते खरी, पण किलोमीटरभर जाईपर्यंत मंदावते आणि तेवढ्याला दीड सेकंदाच्या आसपास घेते. तेवढ्यात आडवं जाणारं विमान अडीचशे मीटर पुढे सरकलेलं असतं. नवीन पोरांना गोपाळपूरला समुद्रावर ओढत्या कापडी लक्ष्यावर गोळीबार शिकवताना सगळ्यांत जास्त वेळ याच गोष्टीला लागायचा. डोळा विमानाला चिकटतो, त्याला तिथून सोडवून रिकाम्या जागेवर न्यायचं असतं.

आता व्हिर्बेलविंडच्या बुरुजात उतरू. आत होती फ्लाकफिर्लिंग ३८, म्हणजे २० मिलिमीटरच्या चार नळ्यांची जोडतोफ. नेम धरणारा मधोमध बसायचा आणि त्याच्या पायाखाली दोन पेडल असायची. एक पेडल दाबलं की कर्णावरच्या दोन नळ्या चालायच्या, दुसरं दाबलं की उरलेल्या दोन. दोन्ही दाबली की चारही. दोन-दोन नळ्यांची ही विभागणी सोयीपुरती नव्हती. प्रत्येक नळीला लागायची २० गोळ्यांची पेटी, आणि ही तोफ मिनिटाला साडेचारशेच्या वेगाने चालते. भागाकार करून पाहा, पेटी तीन सेकंदही पुरत नाही. चारही नळ्या एकदम सोडल्या तर तीन सेकंदांनी चारही मुक्या होणार. दोन नळ्या चालू ठेवून बाकीच्या दोन भरता आल्या तर मारा तुटत नाही. म्हणून कागदावर १८०० गोळ्या प्रति मिनिट हा आकडा असला तरी प्रत्यक्षात ८०० च्या आसपासच निघायच्या.

या पेट्या कोण बदलणार? दोन लोडर, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येकाकडे दोन नळ्या. बुरूज फिरतोय, तोफ वर-खाली होतेय, गाडीही कदाचित हलतेय, आणि या दोघांनी रिकामी पेटी ओढून काढायची, भरलेली ठोकून बसवायची आणि पुन्हा पुढच्या पेटीकडे वळायचं. एल-७० वर चार गोळ्यांची क्लिप वरून सरकवताना मला कोपर पसरायला मोकळी जागा होती, तरी बोटं चेंगरायची. गोळीबार सुरू असताना लोडरला काही ऐकू येत नाही. तो तोफेचा ठेका अंगाने ओळखतो आणि ठेका तुटला की हात आपोआप पेटीकडे जातो. अशा माणसाच्या डोक्यावर छत घालून बघा. त्याचे हात अडतील, दारूचा धूर आत कोंडेल, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे आभाळ दिसायचं बंद होईल. या गाड्यांवर रडार नव्हतं. त्या काळची जर्मन रडारं शहरांभोवतीच्या स्थिर तोफांसाठी होती, रणगाड्याच्या पाठीवर बसण्याजोगी नव्हती. इथे रडार म्हणजे चार-पाच जोडी डोळे. उघडा बुरूज हा आळशी कारागिराचा नमुना आहे असं जे लिहितात, त्यांनी तीन सेकंदांचा हा हिशोब केलेला नसतो.

त्याची किंमत मोजावी लागली, हेही खरं. बुरुजाचा पत्रा १६ मिलिमीटरचा होता. तो रायफलची गोळी आणि तोफगोळ्याचे छर्रे बाजूने अडवायचा. पण वरून फुटणाऱ्या गोळ्यापासून, हातबॉम्बपासून किंवा पावसापासून आत कुणाची सुटका नव्हती. पूर्व आघाडीच्या थंडीत उघड्या लोखंडी डब्यात तासन्‌तास उभं राहायचं म्हणजे काय, हे आपल्याकडे उत्तर सीमेवर हिवाळा काढलेल्या तोफचीला सांगावं लागणार नाही.

इथवर यायला जर्मनांना पाच वर्षं लागली, आणि तो उशीरच या सगळ्या कहाणीच्या मुळाशी आहे. युद्धाच्या सुरुवातीला आभाळ त्यांचंच होतं. विमानविरोधी तोफांचा मोठा भाग वायुदलाच्या, म्हणजे लुफ्तवाफेच्या हाताखाली होता, आणि रणगाडा दलांबरोबर पुढे धावायला अर्धसाखळी (पुढे चाकं, मागे रणगाड्यासारखे पट्टे असलेल्या) ट्रकांवर बसवलेल्या हलक्या तोफा पुरेशा वाटायच्या. १९४१ मध्ये पॅन्झर १ या बारक्या रणगाड्यावर २० मिलिमीटरची एक तोफ बसवून २४ गाड्या केल्या, इतकंच. पुढे रशियन इल्यूशिन-२ विमानं झाडांच्या शेंड्यांवरून यायला लागली, इटलीत आणि फ्रान्समध्ये ब्रिटिश-अमेरिकन विमानांची गर्दी झाली, तेव्हा धावाधाव सुरू झाली. अर्धसाखळी गाडीवरच्या तोफचींना आडोसा जवळपास नव्हताच. विमानाच्या एका फेरीत सगळी टोळी आडवी व्हायची.

पहिला तातडीचा उपाय चेक बनावटीच्या ३८-टी रणगाड्याच्या सांगाड्यावर झाला. एक नळी, २० मिलिमीटर, सुमारे १४० गाड्या, १९४३ च्या अखेरीपासून. पेट्या बदलत प्रत्यक्षात मिनिटाला दोनशे गोळ्या टाकणाऱ्या एका नळीकडून सहा सेकंदांत कितीशी अपेक्षा करणार? या गाडीबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

म्योबेलवागनची गोष्ट वेगळी. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ घरसामान हलवणारी गाडी. बंद असताना ती खरोखर तशीच दिसते: पॅन्झर ४ च्या पाठीवर चार भिंतींची उंच पेटी. आधी तिच्यात फ्लाकफिर्लिंग बसवून पाहिली, ती नाकारली गेली. मग ३७ मिलिमीटरची फ्लाक ४३ ही एका नळीची तोफ आली आणि १९४४ च्या वसंतापासून साधारण २४० गाड्या बनल्या. अडचण भिंतींची होती. त्या पूर्ण उभ्या असताना तोफ फक्त उंच कोनात चालायची. चहूबाजूंनी फिरवायची तर भिंती अर्ध्या उघडाव्या लागायच्या, आणि जमिनीवर मारा करायचा तर पार आडव्या पाडाव्या लागायच्या. आडव्या केल्या की सगळी टोळी व्यासपीठावर उभी केल्यासारखी उघडी. रस्त्याने जाताना झाडांमागून विमान अचानक आलं, तर भिंती पाडण्यातच तुमचे सहा सेकंद संपतात. तरीही मी तिला वाईट म्हणणार नाही. तोफ उत्तम होती, आणि सगळ्यांत जास्त संख्येने सैनिकांच्या हाती पडली ती हीच. तात्पुरती सोय म्हणून काढलेल्या गाडीनेच शेवटपर्यंत ओझं वाहिलं.

व्हिर्बेलविंडची कल्पना कारखान्यातून आली नाही, आघाडीवरून आली. कार्ल विल्हेल्म क्राउझे नावाचा एसएसचा, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाचा अधिकारी, जो आधी काही वर्षं हिटलरचा खासगी सेवक होता, तो १२ व्या एसएस पॅन्झर डिव्हिजनच्या विमानविरोधी तुकडीत होता. दुरुस्तीला आलेल्या पॅन्झर ४ वर फ्लाकफिर्लिंग बसवावी आणि तोफेबरोबर फिरणारा बुरूज तिच्याभोवती घालावा, ही सूचना त्याची. फिरणारा हे महत्त्वाचं. भिंत तोफेबरोबर वळली की ती पाडायचा प्रश्नच उरत नाही. काम सायलेशियातल्या सागान गावी, ओस्टबाऊ कारखान्यात झालं. हे गाव आज पोलंडमध्ये झागान्य म्हणून ओळखलं जातं. याच गावाजवळ पकडलेल्या मित्रराष्ट्रांच्या वैमानिकांची मोठी छावणी होती. १९४४ च्या मार्चमध्ये तिथून भुयार खणून ७६ जण निसटले आणि पुन्हा पकडलेल्यांपैकी ५० जणांना जर्मनांनी गोळ्या घातल्या. विमानं पाडायच्या गाड्या आणि पडलेल्या विमानांतली माणसं एकाच गावात होती, ही गोष्ट मला कळली तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

नऊ बाजूंच्या या उघड्या बुरुजाला सैनिक 'केक्सडोझं' म्हणायचे, म्हणजे बिस्किटाचा डबा. जुन्या, लढून आलेल्या सांगाड्यांवरच या गाड्या बांधल्यामुळे नेमका आकडा लावताना घोळ होतो. कुणी ८७ म्हणतं, कुणी १०५. दोन्ही आकडे वाचनात आले तर गोंधळू नका. नवी गाडी आणि फेरबदल केलेली गाडी कोण कशी मोजतो, एवढाच तो फरक.

त्याच कारखान्याने मग ओस्टविंड काढली: सहा बाजूंचा बुरूज आणि आत ३७ मिलिमीटरची एकच नळी. या ४४ च्या आसपास झाल्या. आता तुमचा दुसरा प्रश्न: चार बारीक नळ्या चांगल्या की एक जाडी? बहुतेक जण इथे आवडीनिवडीवर येतात. वजन करून पाहा. २० मिलिमीटरचा स्फोटक गोळा जेमतेम १२० ग्रॅमचा. मिनिटाला ८०० म्हणजे ९६ किलो. ३७ मिलिमीटरचा गोळा साधारण ६४० ग्रॅमचा आणि प्रत्यक्ष वेग मिनिटाला दीडशे ते एकशेऐंशी, म्हणजे ९६ ते ११५ किलो. हवेत फेकलेलं लोखंड आणि दारू जवळपास सारखीच. फरक इतर ठिकाणी आहे. ३७ चा पल्ला जवळजवळ दुप्पट, म्हणजे सहा सेकंदांच्या जागी हातात मोठी वेळ येते. तिला आठ गोळ्यांच्या क्लिप एकामागून एक बाजूच्या तबकात सरकवत राहता येतं, पेटी उपटायला थांबावं लागत नाही. आणि इल्यूशिन-२ सारख्या चिलखती विमानाला २० मिलिमीटरचे चार-पाच गोळे लागूनही ते घरी पोचायचं, ३७ चा एकही पुरायचा.

मग ओस्टविंडच श्रेष्ठ? आघाडीवरच्या साध्या परिस्थितीत माझं मत तिच्याच बाजूने पडतं. पण एका ठिकाणी मी व्हिर्बेलविंड घेईन: दाट झाडीच्या रस्त्यावर, जिथे आभाळाची फक्त पट्टी दिसते आणि विमान पाचशे-सातशे मीटरवर अचानक उगवतं. तिथे दूरचा पल्ला निरुपयोगी ठरतो आणि चार नळ्यांचा एकदम पसरणारा मारा कामाला येतो. शिवाय एक गोष्ट अहवालांत लिहिलेली सापडत नाही, तोफेवर उभं राहिलेल्याला ती माहीत असते. समोरून चार नळ्यांचे ट्रेसर, म्हणजे जळत येणाऱ्या गोळ्यांच्या रेघा, येताना दिसले की वैमानिकाचा हात दचकतो. तो आधी सोडतो, उंचावरून सोडतो किंवा बाजूला वळतो. विमान पडलं नाही तरी रॉकेट शेतात पडलं, तर तोफेने आपलं काम केलं. आम्हाला हेच शिकवलं जायचं की तुमचं काम विमान पाडणं नाही, खालचा पूल किंवा ताफा वाचवणं आहे.

इथूनच तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. नॉर्मंडीत ब्रिटिशांच्या टायफून विमानांनी जर्मन रणगाड्यांची राखरांगोळी केली असा समज आहे. ७ ऑगस्ट १९४४ ला मोर्तें गावाजवळ जर्मन रणगाड्यांनी केलेल्या हल्ल्यानंतर वैमानिकांनी मोठमोठे दावे केले होते. लढाईनंतर ब्रिटिशांच्याच तपासणी पथकांनी शेतांत फिरून एकेक सांगाडा पाहिला, तेव्हा विमानांच्या रॉकेटने उडवलेले रणगाडे दाव्यांच्या मानाने फारच थोडे निघाले. त्या काळचं रॉकेट रणगाड्याएवढ्या लक्ष्याला लागणं अवघडच होतं. मग दैना कशाची झाली? ट्रकांची, इंधनाच्या टाक्यांची, दारूगोळ्याच्या गाड्यांची, अधिकाऱ्यांच्या मोटारींची. १७ जुलैला खुद्द जर्मन सेनापती रोमेल उघड्या मोटारीतून जाताना विमानांच्या गोळीबारात जबर जखमी झाला. दिवसा रस्त्यावर निघणंच बंद पडलं आणि पेट्रोल न पोचलेले धडधाकट रणगाडे चालकांनी स्वतःच सोडून दिले.

आणि या रस्त्यांवर संरक्षणाला किती गाड्या होत्या? पॅन्झर ४ सर्व मिळून साधारण साडेआठ हजार बनले. त्याच्या सांगाड्यावरच्या विमानविरोधी गाड्या, युद्ध संपेपर्यंतच्या सगळ्या प्रकारच्या धरून, चारशेच्या आसपास. शंभर रणगाड्यांमागे पाचही नाहीत. व्हिर्बेलविंडचं उत्पादनच १९४४ च्या जुलैत सुरू झालं, म्हणजे मित्रराष्ट्रांचं सैन्य उतरून महिना उलटल्यावर. ज्या थोड्या गाड्या होत्या त्या रणगाडा रेजिमेंटच्या मुख्यालयाजवळ पलटणीच्या हिशोबाने दिल्या जायच्या. मागच्या वीस-तीस किलोमीटरवर रांगेत उभ्या असलेल्या ट्रकांना त्यांचा काहीच उपयोग नव्हता. समोर दिवसाला हजारो फेऱ्या मारणारी विमानं. स्वतःची लढाऊ विमानं आकाशात नसतील तर जमिनीवरची तोफ फार तर हल्ल्याची धार थोडी बोथट करते. याची उलटी बाजूही त्याच मैदानात दिसते. ब्रिटिशांनी आपल्या रणगाडा रेजिमेंटांत क्रुसेडर रणगाड्याच्या सांगाड्यावरच्या विमानविरोधी गाड्या आणल्या होत्या. जर्मन विमानंच फारशी येईनात, तेव्हा त्यांनी त्या तुकड्या मोडून माणसं दुसऱ्या कामाला लावली.

यातून एक वाईट सवयही लागली. विमान नाही तर पायदळावर चालवा, असा मोह प्रत्येक कमांडरला होतो. फ्लाकफिर्लिंग घरावर किंवा झाडीवर वळवली की समोर काही उरत नाही, हे खरं. पण मग गाडी पुढच्या रांगेत जाते, १६ मिलिमीटरच्या पत्र्यासमोर रणगाडाविरोधी तोफ येते आणि दुपारी विमान येतं तेव्हा साठा संपलेला असतो. अशा गाडीचा मालक कोण आणि ती कुणासाठी राखून ठेवायची, हे आधीच ठरवून ते पाळावं लागतं, नाहीतर ती कामाच्या वेळी हाताशी नसते.

छताचा प्रश्न अखेर सोडवला तो कुगेलब्लिट्झने, म्हणजे 'गोलाकार विजे'ने. तिच्यात विमानांसाठी बनवलेल्या ३० मिलिमीटरच्या दोन एमके १०३ तोफा होत्या, पूर्ण बंद, चेंडूसारख्या गोल बुरुजात. छत घालता आलं त्याचं खरं कारण चिलखताचं नाही, पट्ट्याचं आहे. या तोफांना गोळ्या पट्ट्याने मिळायच्या, तीन-तीन सेकंदांनी हाताने पेटी बदलायची नव्हती. लोडर नाहीसा झाला आणि डोक्यावर झाकण आलं. पण तोवर १९४५ उजाडलं होतं. बनल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पँथर रणगाड्याच्या सांगाड्यावर ३७ च्या दोन तोफा बसवायची कोएलियन ही योजना तर लाकडी नमुन्यापुढे गेलीच नाही.

खरी व्हिर्बेलविंड पाहायची असेल तर कॅनडात, ओंटारिओमधल्या बोर्डन लष्करी तळाच्या संग्रहालयात एक आहे. तिथे जाणं झालं तर बाहेरून फोटो काढून थांबू नका. कुणी परवानगी दिली तर बुरुजाच्या कडेवरून आत पाहा आणि दोन लोडर त्या जागेत कसे उभे राहत असतील याचा अंदाज घ्या.

मी शिल्कात पहिल्यांदा बसलो तेव्हा या जर्मन गाड्यांची नावंही मला ठाऊक नव्हती. शिल्कालाही चार नळ्या आहेत, २३ मिलिमीटरच्या, मिनिटाला ३४०० गोळ्या टाकणाऱ्या. माथ्यावर रडार, नळ्यांभोवती पाणी खेळवून थंड ठेवायची सोय आणि दोन हजार गोळ्या पट्ट्यांत आधीच भरलेल्या. एल-७० वरून आल्यामुळे पहिल्या गोळीबाराच्या वेळी माझा उजवा हात सवयीने क्लिप शोधत होता. शेजारच्या हवालदारांनी तो धरून खाली ठेवला आणि म्हणाले, "अरे, इथं भरायचं काही नाही. तू फक्त पडद्यावर बघ." वर लोखंडी झाकण बंद होतं आणि आभाळाचा एक तुकडाही दिसत नव्हता.